चार वाद्यं, एक खोली आणि माइक नाही: चेंबर म्युझिक पहिल्यांदा ऐकायला जाताना

परवा क्लास सुटल्यावर एक विद्यार्थिनी मागं रेंगाळली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं माझ्याकडे व्हायोलिन शिकते. मैत्रिणींबरोबर पुण्याला स्ट्रिंग क्वार्टेट ऐकायला जायचं ठरलंय, तिकिटं काढून झालीत, आणि आता धाकधूक सुरू झालीय. "ताई, तिथं टाळी कधी वाजवायची? आणि मला काहीच कळलं नाही तर?"

ही मुलगी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र मांडी घालून गाणं ऐकते. निषाद जरा चढा लागला तरी तिच्या कपाळाला आठी पडते. तिला तिथं काही कळणार नाही, हे मला पटत नाही. बैठकीत बसून जो कान तयार होतो, तोच कान तिथं लागतो. चार-पाच गोष्टी मात्र आधी ठाऊक हव्यात, कारण त्या आपल्याकडे वेगळ्या असतात. त्या दिवशी तिला घाईघाईत जे सांगितलं, ते इथं सावकाश लिहिते आहे.

चेंबर म्हणजे खोली

नाव भारदस्त वाटतं, पण चेंबर म्हणजे खोली आणि चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत बसून वाजवायचं, खोलीत बसून ऐकायचं संगीत. पाश्चात्त्य संगीत म्हटलं की डोळ्यांपुढं ऑर्केस्ट्रा येतो: ऐंशी-नव्वद वादक, पुढं काठी घेऊन उभा असलेला संचालक. त्यात एकच ओळ पंधरा-सोळा व्हायोलिनं मिळून वाजवतात. चेंबर म्युझिकमध्ये एका ओळीला एकच माणूस असतो, आणि संचालक नसतो.

गणपतीतलं ढोल-ताशा पथक आणि घरातली गाण्याची बैठक यांत जो फरक, तोच इथं आहे. पथकात एका ढोलाची टिपरी चुकली तर ती बाकीच्यांच्या दणक्यात जिरून जाते. बैठकीत तबल्याचा एक बोल इकडचा तिकडं झाला तर पहिल्या रांगेतल्याला लगेच कळतं. चेंबर म्युझिक वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते.

तीन वादक असले तर ट्रायो, चार असले तर क्वार्टेट, पाच असले तर क्विंटेट. यातला सगळ्यांत मानाचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. हा प्रकार रुजवला हायडन या ऑस्ट्रियन संगीतकारानं (1732–1809). त्यानं 68 क्वार्टेटं लिहिली. आयुष्याची बरीच वर्षं तो एस्टरहाझी नावाच्या सरदार घराण्याच्या पदरी नोकरीला होता. पटवर्धनांच्या सांगली-मिरजेतल्या वाचकाला हे चित्र नवं वाटू नये. वाड्यातली खोली, गाण्याची जाण असलेला मालक, पदरी ठेवलेला कलावंत आणि समोर मोजकी माणसं. आपली बैठकही अशाच खोल्यांमध्ये वाढली.

धनुकलीनं सूर कसा निघतो

व्हायोलिन शिकणारेही कधी कधी हे विचारत नाहीत. सतारीची तार छेडली की आवाज उमटतो आणि विरत जातो. व्हायोलिनचा सूर मात्र गळ्यासारखा लांबवता येतो. कसा?

बोच्या, म्हणजे धनुकलीच्या, काडीला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांना राळ चोळलेली असते. राळेमुळे केस तारेला चिकटतात, तिला आपल्याबरोबर ओढून नेतात. ताण असह्य झाला की तार सटकते, मागं येते, पुन्हा चिकटते, पुन्हा सटकते. वंगण नसलेलं बैलगाडीचं चाक किंवा पावसाळ्यात फुगलेलं दार कुरकुरतं, तेही असंच. फरक एवढाच की व्हायोलिनमध्ये हे चिकटणं-सटकणं अगदी नियमित होतं. पांढरी सहाची (पेटीच्या सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) तार सेकंदाला 440 वेळा चिकटून सटकते. आपल्याला तो एक सलग सूर वाटतो.

व्हायोला दिसायला थोरल्या व्हायोलिनसारखा, आणि तोही खांद्यावरच धरतात. तो व्हायोलिनपेक्षा एक पंचम, म्हणजे सा ते प एवढं अंतर, खाली लावतात. एवढ्या खालच्या सुरांसाठी त्याचं पोट खरं तर याहून मोठं हवं, पण तेवढं मोठं वाद्य खांद्यावर धरता येणार नाही. म्हणून त्याचा आवाज जरा दबलेला, घोगरा येतो. घरातल्या मितभाषी मधल्या भावासारखा. चेलो व्हायोलाच्याही एक सप्तक खाली लावतात. तो गुडघ्यांत धरतात आणि खालची टोकदार दांडी जमिनीवर टेकवतात.

चौघांच्या गप्पा

जर्मन कवी गटे यानं 1829 साली एका पत्रात लिहिलं होतं की स्ट्रिंग क्वार्टेट ऐकताना चार समंजस माणसं एकमेकांशी बोलताहेत असं वाटतं. दोनशे वर्षं होत आली, तरी याहून सोपी किल्ली मला सापडलेली नाही.

आपल्या मैफलीत मुख्य कलाकार एक असतो आणि बाकीचे साथीला. तबला, पेटी, मागं तानपुरे, सगळ्यांचं लक्ष गवयाकडे. क्वार्टेटमध्ये 'साथ' हे कुणाचं कायमचं काम नसतं. पहिलं व्हायोलिन एक वाक्य बोलतं, चेलो ते उचलून खालच्या आवाजात परत म्हणतो, दुसरं व्हायोलिन मधेच हरकत घेतं, व्हायोला इतका वेळ गप्प असतो आणि एकदम असं काही बोलतो की बाकीचे तिघे थांबतात. पारावर बसलेली चार जुनी मित्रमंडळी आठवा.

मग ऐकायचं कसं? चारही वाद्यं एकदम धरायला जाऊ नका, कान दमतो. पहिली काही मिनिटं फक्त एकाच माणसाकडे बघा. त्याचा बो कधी उचलला जातो, तो कुणाकडे बघतो, कधी थांबतो. मी नवख्या माणसाला व्हायोलावाल्याकडे बघायला सांगते. व्हायोलिन न सांगता ऐकू येतंच, चेलोही येतो. मधला आवाज कानाला शोधावा लागतो, आणि तो एकदा सापडला की बाकीचं सगळं आपोआप सुटं होतं. भातात जिऱ्याची फोडणी लागली की बाकीची चवही उलगडते, तसं.

संचालक नसताना चौघं एकदम सुरू कसे होतात, हाही प्रश्न पडेल. ज्याची ओळ पुढं असेल तो नाकानं श्वास घेतो, मान किंचित उचलतो, आणि त्या श्वासात लय ठरते. पुढच्या रांगेत बसलात तर तो श्वास ऐकू येतो.

तानपुरा नाही, मग सा कुठं आहे?

खरी अडचण इथं येते, म्हणून इथं जरा थांबते.

आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. गवई बसतो, तानपुरे काळी एकला किंवा पांढरी पाचला लागतात, आणि मैफल संपेपर्यंत तो सा मागं तेवत राहतो. त्या स्थिर सा-च्या आधारानंच बाकीचे स्वर कळतात. पाश्चात्त्य संगीतात तानपुरा नाही आणि सा जागा सोडतो. पांढरी चारमध्ये सुरू झालेली रचना थोड्या वेळानं पांढरी एकमध्ये जाते, म्हणजे मूळ सा-च्या पंचमालाच नवा षड्ज मानते. तिथून आणखी कुठं. आपल्या कानाला वाटतं, पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढली.

याला ते मॉड्युलेशन म्हणतात. मी त्याला प्रवास म्हणते, कारण ते तसंच असतं. सांगलीतनं एसटीनं निघायचं, तासगाव, विटा, आणखी कुठं कुठं फिरायचं, अनोळखी गावात थोडं हरवायचं आणि परत यायचं. पुण्याकडून रात्री येताना आष्टा मागं पडलं, सांगलीवाडी आली, कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसला की अजून घरी पोचलो नसलो तरी अंगातला प्रवासाचा ताण उतरतो. क्वार्टेटमध्येही मूळ षड्जावर परतण्याआधी असा एक पूल येतो. सूर पंचमाभोवती घुटमळतात, ताण वाढतो, आणि मग घर. हे परतणं ओळखायला स्वरलेखन वाचता यावं लागत नाही. आपण तर सा ऐकतच लहानाचे मोठे झालो. तो सोडून गेला हे आपल्या कानाला कदाचित इतरांपेक्षा लवकर जाणवेल.

दुसरा फरक आहे एकाच वेळी अनेक स्वर वाजण्याचा. त्याला हार्मनी म्हणतात. ही चीज आपल्याला परकी आहे असं पुस्तकात लिहितात, पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन एखाद्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की मत बदलतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी बातमी वाचली. पण जवारी (तारांखालच्या घोडीची घासून साधलेली गोलाई, जिच्यामुळे सूर गुंजतो) नीट लागलेला तानपुरा डोळे मिटून ऐकलाय किती जणांनी? तारा फक्त पंचम आणि षड्जाच्या असतात. तरी त्यातनं गंधार ऐकू येतो. कुणी वाजवत नाही, तो षड्जाच्या तारेतच असतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता गंमत बघा. आपल्या पेटीचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीच्या सुरांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. पियानोचंही तेच. व्हायोलिन-चेलोला पडदे नाहीत, बोट हवं तिथं ठेवता येतं. म्हणून मुरलेले क्वार्टेटवाले जेव्हा सा, ग, प एकदम धरून थांबतात, तेव्हा गंधार वाजवणारा आपलं बोट पेटीच्या गंधारापेक्षा केसभर खाली सरकवतो आणि तो स्वयंभू गंधार शोधतो. तो लागला की चार वाद्यांचं एकच वाद्य होतं, हवा थरथरते. व्हिएन्नातला चेलोवाला आणि मिरजेतला तानपुऱ्याचा कारागीर एकाच स्वरासाठी कान लावून बसतात, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हते.

टाळी कधी?

क्वार्टेट बहुधा चार भागांचं असतं. एका भागाला मूव्हमेंट म्हणतात. साधारणपणे पहिला भाग जलद, दुसरा संथ, तिसरा नाचाच्या ठेक्याचा, चौथा पुन्हा जलद. हा क्रम पक्का नसतो. कार्यक्रमपत्रिकेत रचनेच्या नावाखाली ज्या इटालियन शब्दांच्या ओळी असतात, त्या या भागांच्या लयी: अलेग्रो म्हणजे जलद, लेंटो म्हणजे विलंबित. ओळी मोजल्या की भाग किती ते कळतं. पूर्ण रचना वीस ते चाळीस मिनिटांची असते. एका संध्याकाळी अशा दोन-तीन, मध्ये एक मध्यंतर.

आजचा रिवाज असा की टाळ्या चारही भाग संपल्यावरच वाजवायच्या. दोन भागांच्या मध्ये वादक बो खाली घेतात, कुणी तार लावतो, लोक खोकून घेतात, पण टाळी नाही. संपलं हे ओळखण्याची खूण म्हणजे हात. शेवटचा सूर थांबल्यावरही बो हवेत असतील तर थांबा. चौघांचे हात खाली आले, खांदे सैल झाले की मनसोक्त वाजवा.

'वा', 'क्या बात है' ही आपली दादही तिथं मध्येच देत नाहीत. याचा अर्थ तिथली माणसं थंड असतात असा नाही. सुरांच्या मधली शांतता हा त्या रचनेचाच भाग असतो, एवढंच.

हा रिवाज मात्र फार जुना नाही. मोझार्टनं 1778 साली पॅरिसहून वडलांना आनंदानं कळवलं होतं की आपली सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. हायडनच्या 1781 च्या एका क्वार्टेटचा शेवट तर टाळीवरच बेतलेला आहे. सूर थांबतात, संपलं असं वाटतं, पुन्हा सुरू होतात, पुन्हा थांबतात. त्या क्वार्टेटला 'द जोक' असंच नाव पडलं.

माझं मत स्पष्ट सांगते. कॉलेजात असताना आम्ही तिघी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला पहिलं क्वार्टेट ऐकायला गेलो होतो. पहिला भाग संपला आणि माझ्या मैत्रिणीनं अगदी मनापासून टाळी वाजवली. पुढच्या रांगेतले दोघं मागं वळले आणि जोरात 'शूऽऽ' केलं. ती उरलेला सगळा वेळ हात मांडीखाली दाबून बसली, आणि पुन्हा कधी अशा कार्यक्रमाला आली नाही. त्या एका टाळीनं वादकांचं काही बिघडलं नव्हतं. पहिल्या व्हायोलिनवाल्यानं तर तिच्याकडे बघून हसून मान लववली होती. चुकून टाळी वाजली तर वाजू दे. आणि कधी दुसऱ्या कुणाची वाजली तर वळून बघू नका.

लिहिलेलंच वाजवायचं, तर त्यात जिवंत काय?

हा आक्षेप माझ्याकडे येणारे गाण्याचे विद्यार्थी हमखास घेतात. आपल्याकडे राग तिथल्या तिथं फुलवायचा असतो, आणि यांच्यापुढं तर कागद.

सांगलीकरांना उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. नाटकाची संहिता ठरलेली असते, तरी आपण त्याला 'प्रयोग' म्हणतो. एकच नाटक लोक चार-चारदा बघतात, कारण तोच संवाद त्या दिवशी त्या नटाच्या तोंडून कसा येईल हे आधी कुणालाच माहीत नसतं. क्वार्टेटच्या कागदावर स्वर असतात, लयीचा अंदाज असतो, हळू-मोठ्याच्या खुणा असतात. पण विश्रांती किती लांबवायची, कुणी कुणाला पुढं जाऊ द्यायचं, एखादा सूर दाबून धरायचा की सोडून द्यायचा, हे चौघं तिथं एकमेकांना ऐकत ठरवतात. एकानं आज जरा सावकाश वाक्य टाकलं तर बाकीच्यांना त्याच क्षणी जुळवून घ्यावं लागतं.

हे संगीत आपलं नव्हे, मग कशाला?

ज्या पेटीवर आपली नाट्यगीतं उभी राहिली तिचं पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं. व्हायोलिन सोळाव्या शतकात उत्तर इटलीत घडलं. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं, आणि आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधशी नातं असलेल्या पंडित गजाननबुवा जोशींनी गाण्याइतकंच व्हायोलिनवरही नाव कमावलं. आपण मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून, तारा सा-प-सा-प लावून ते वाजवतो. माझ्या विद्यार्थिनीच्या हातात रोज जे वाद्य असतं, त्याचीच दुसरी बोली ऐकायला ती पुण्याला चालली आहे. आणि ती ऐकल्यानं आपला यमन राग पातळ होत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. बोची पकड, सूर सोडतानाची हळुवार उतरण हे मी क्वार्टेटवाल्यांकडे बघूनच सुधारलं.

मोबाइलवर मिळतंय की

मिळतं, आणि जाण्याआधी एकदा जरूर ऐकावं. कार्यक्रमात काय वाजणार आहे ते आधी कळतं. दोनदा ऐकून गेलात तर ओळखीचं वाक्य आलं की चेहरा उजळतो.

पण एक गोष्ट मोबाइल देऊ शकत नाही, आणि त्यासाठीच पुण्याचं तिकीट काढायचं. तिथं माइक नसतो. आपल्या पिढीनं जवळजवळ सगळं संगीत कर्ण्यातूनच ऐकलंय. लग्न, गणपती, उरूस, एवढंच काय, पन्नास माणसांच्या घरगुती बैठकीतही हल्ली स्पीकर लावतात. कर्णा सगळे आवाज सारखे करून एकाच दिशेनं फेकतो. माइक नसला की व्हायोलिन डावीकडून येतं, चेलो उजवीकडून, आणि लाकडाची धग जाणवते. हळू वाजलं की सभागृह पुढं झुकतं.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते. खोलीत भिंती आणि छत आवाज परतवून ती भरपाई करतात, म्हणून या संगीताला खोली लागते. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर 1980 मध्ये उघडलं, तेही माइकशिवाय ऐकू यावं अशा बेतानं बांधलेलं. पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलसारख्या छोट्या जागी असे कार्यक्रम होतात. जागा निवडता आली तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. चेहरेही दिसतात आणि चार आवाज मिसळूनही येतात. विद्यार्थ्यांना सवलत आहे का हे तिकीट काढताना विचारायला लाजू नका. कपडे साधे चालतात, फक्त कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी नको, आणि मोबाइल पूर्ण बंद. थरथराटाचा आवाजही त्या शांततेत सभागृहभर पोचतो.

झोप आली तर? संथ भागात येते कधी कधी. दिवसभर प्रॅक्टिकल करून, एसटीचा प्रवास करून गेलेल्या मुलीला आली तर मला नवल वाटणार नाही. जाग आली की पुन्हा व्हायोलावाल्याकडे बघायचं.

तिनं आणलेल्या पत्रिकेत शेवटी द्वोर्झाकचं नाव आहे, पांढरी चारमधलं क्वार्टेट. हा बोहेमियाचा संगीतकार 1893 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या छोट्या गावी राहायला गेला होता, तिथं त्यानं ते लिहिलं. सुरुवातीला व्हायोलिनं नुसती झुळझुळत राहतात, चेलो खाली षड्ज धरून बसतो, आणि पहिली धून येते ती व्हायोलावर. स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. भूप रागाचे. तो भूप नव्हे, स्वरांची चाल वेगळी आहे, पण ओळख पटायला तेवढं पुरे.

मी तिला हे मुद्दामच सांगितलं नाही. शनिवारी सकाळी ती क्लासला येईल तेव्हा एवढंच विचारणार आहे, व्हायोला ऐकू आला का.